काट म्हणजे कापणं नव्हे

लांबी हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. गाडीच्या पत्र्यावरचा खड्डा बुजवायला जो लगदा लावतात, त्याला आमच्या धंद्यात लांबी म्हणतात. घराच्या भिंतीला रंग देण्याआधी रंगारी लावतो, तीच जात. चीज मुळात वाईट नाही. चांगल्या, घट्ट पत्र्यावर, जिथे ठोकूनही सपाटी येत नाही तिथे पातळ हाताने लावावी, घासावी आणि मोकळं व्हावं. पण नव्वदच्या सालांत सुरतेत मी असे एकेक महाभाग पाहिले, की त्यांनी लांबीच्याच गाड्या बनवल्या. पत्रा नावाला उरलेला. चुंबक लावला तर टपकन खाली पडायचा. वरून रंग मात्र असा चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा.

अंकाच्या संपादकांचा निरोप आला होता, की मिस्तरी, तुमच्या शेडमधल्या गमतीजमती लिहून पाठवा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं हवं असतं. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण लिहायला बसलो की गमती बाजूला राहतात आणि राग तेवढा वर येतो. काम थांबवलं, राग थांबला नाही. तेव्हा जे येईल ते गोड मानून घ्या.

पर्वत पाटियाकडून कडोदऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझं शेड होतं. चार खांब आणि वर सिमेंटचे पत्रे, बस. मी डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा. लोक मला मेकॅनिक समजून इंजिनाच्या तक्रारी सांगायचे आणि मी हात जोडायचो. मूळचा मी अमळनेरकडचा. लूमवर कामाला आलेल्या भावकीच्या मागोमाग सुरतेत आलो, पण मागाच्या खडखडाटात जीव रमेना. पत्र्याच्या ठोकाठोकीत रमला. आवाज दोन्हीकडे सारखाच, फक्त इथे तो मी स्वतः करायचो.

गंज बाहेरून लागतो असं गाडीवाल्यांना वाटतं. साफ चूक. गाडीच्या दाराखाली पोकळ पट्टी असते, तळाच्या कडेला पोकळ कोपरे असतात. तिथे चिखल बसतो, पाणी मुरतं, बाहेर पडायची भोकं बुजतात. मग पत्रा आतून सडत सडत बाहेर येतो. रंगावर तांदळाएवढा फोड दिसला, की समजा आतलं काम आटोपलेलं आहे. त्यातून सुरतेची हवा खारट, मिलची वाफ दिवसभर अंगावर, पावसात खाडीचं पाणी रस्त्यावर. आणि वर माणसांचं डोकं. उन्हाळ्यात गाडी गार राहावी म्हणून तळावर ओलं बारदान अंथरणारे कितीतरी ड्रायव्हर मी पाहिले. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायचे. पॅसेंजरचे पाय गार आणि पत्र्याचा सत्यानाश. सांगितलं तर म्हणायचे, "मिस्तरी, तुम्हाला काय, तुम्ही झाडाखाली बसता."

चलथाणच्या साखर कारखान्याकडचे एक गृहस्थ तर माझ्याकडे मुंग्यांची तक्रार घेऊन आले होते. "गाडीत मुंग्या फार झाल्यात, कुठून येतात बघा." डिकी उघडली तर मळीचा वास नाकात बसला. गावाकडच्या गुरांसाठी मळीचे डबे डिकीतून न्यायचे, ते सांडायचे, आणि वर हे पाणी मारून धुवायचे. बोटाने दाबलं तर डिकीचा तळ पापडासारखा मोडला. गृहस्थ म्हणाले, "ते राहू द्या हो, आधी मुंग्यांचं बघा!" दुसऱ्या एकाने दाराखालच्या पट्टीत चक्क सिमेंट भरून आणलं होतं. घराचं प्लॅस्टर करताना माल उरला म्हणे. वाया कशाला घालवायचा? ते सिमेंट छिन्नीने फोडताना मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तो समोर चहा पीत हसत होता.

पण अशांवर माझा खरा राग नाही. हात आखडता असला की माणूस काहीतरी जुगाड करणारच. मी स्वतः आयुष्यभर गरिबांच्याच गाड्या केल्या आणि त्यांना एकच सांगत आलो. पैसा थोडा असेल तर तो खाली घाला, वर घालू नका. ज्या पत्र्यावर माणूस बसतो, ज्या जागी स्प्रिंग अडकते, ज्यावर दार लटकतं, तिथला गंज कापून नवा पत्रा जोडा. मडगार्डला भोक पडलंय तर पडू दे, त्याने कुणी मरत नाही. पोकळ जागेची बुजलेली भोकं खिळ्याने उघडा, आत इंजिनाचं जुनं काळं ऑइल सोडा, ते फुकट मिळतं. वर रेड ऑक्साइडचा तांबडा हात मारा. गाडी दिसायला माकडासारखी दिसेल, पण उभी राहील. एवढं साधं आहे. हे साधं सांगायला ज्यांना लाज वाटते किंवा सांगण्यात तोटा दिसतो, राग त्यांच्यावर.

त्यातला एक शेठ आणि आमचा भिकन, या दोघांची गोष्ट सांगतो.

भिकन आमच्याच तालुक्यातला. कडोदऱ्याला लूमवर होता. मागाने कान गेले, ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा त्याने घरचं होतं नव्हतं ते घालून जुनी अँबॅसिडर घेतली. कडोदऱ्याच्या आपल्या लूमवाल्यांची पोरं शहरातल्या मराठी शाळेत न्यायची आणि आणायची, हा त्याचा धंदा. मागे दाटीवाटीने, पुढे दोन, कुणाच्या मांडीवर कुणी, अशी ती गाडी दप्तरांसकट पर्वत पाटियावरून जायची. भिकनची बायको कमलबाई घरी साड्यांना टिकल्या लावायची. त्या गाडीवरच घर उभं होतं.

एक दिवस भिकन शेडवर आला. गाडी पांढरीशुभ्र, नवा रंग. मी म्हटलं, "अरे वा भिकन, नवरदेव करून आणला की!"

तो म्हणाला, "वसंतभाऊ, रंग मस्त लागला, पण मागून कुईकुई वाजी ऱ्हायनं. पोरं बसली की जास्तच."

ज्याला धड ऐकू येत नाही त्याला आवाज आला, म्हणजे आवाज केवढा असेल! मी खाली सरकलो. अँबॅसिडरला मागच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची जाड स्प्रिंग असते, तिला आम्ही पाटा म्हणतो. तो पाटा गाडीच्या तळाला जिथे अडकवलेला असतो, ती जागा वरून काळ्या डांबराने माखली होती. मी साधा स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. जोर लावलाच नाही. मुठीपर्यंत आत गेला.

बाहेर काढला तर टोकाला कागद. गुजराती वर्तमानपत्राचा ओला लगदा. मग मी ओरबाडायलाच लागलो. लांबी निघाली, तिच्याखाली कागद, कागदाखाली गोणपाटाचा तुकडा, त्याच्याखाली गंजाचा भुगा, आणि त्यापलीकडे वर मागची सीट दिसत होती. गाडीचं मागलं सगळं वजन, ती सगळी पोरं, दप्तरं, डबे, एका कडेला उरलेल्या दोन बोटांच्या पत्र्यावर तोललेलं होतं. तो पत्रा फाटला असता तर पाटा वर घुसला असता, थेट मागच्या सीटखाली. स्क्रू-ड्रायव्हर आपटून मी बाहेर आलो.

"कुणी केलं हे काम?"

भिकनने पर्वत पाटियावरच्या मोठ्या गॅरेजचं नाव सांगितलं. नाव इथे लिहीत नाही. मोठी पाटी, आत ट्यूबलाइटी, शेठला बसायला काचेची केबिन.

"आणि तू बघत उभा होतास? एवढा गंज त्यांना दिसला नाही?"

"गंजाचं कोणी बोललंच नाही भाऊ! शेठ तर म्हणत होता गाडीच कापू. मीच नको म्हणलो. चांगली गाडी कापतील नि वाट लावतील, मंग माझं काय?"

"गाडी कापायची? असं कोण म्हणालं?"

"शेठच म्हणाला. काट निकालना पडेगा, काट बहुत है. मी हात जोडले. म्हणलं, शेठ, काटना नहीं. तो म्हणे, काट रहने दूँ? मी म्हणलं, हां शेठ, रहने दो, काटना नहीं."

ज्यांना सुरत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुजरातीत गंजाला काट म्हणतात. काट लाग्यो, काट चढ्यो, असं दिवसातून दहादा कानावर पडतं. शेठ बोलत होता अर्धं हिंदी, अर्धं गुजराती. त्याचं म्हणणं, गंज फार आहे, गंज काढावा लागेल. आणि आमचा भिकन, कान अधू, उभा जन्म मागासमोर गेलेला, गुजराती मोडकीतोडकी. त्याने ऐकलं हिंदी. काट निकालना, म्हणजे कापून काढणं. हात जोडून तो म्हणत होता की माझी गाडी कापू नका, आणि गुजरातीत त्याचा अर्थ होत होता की माझ्या गाडीतला गंज तसाच राहू द्या!

मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग गाडीखाली वाकून पाहिलं आणि हसू गेलं. म्हणाला, "आज सकाळीच पोरं सोडून आलो." आणि डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसत राहिला.

मी तडक गॅरेजवर गेलो. भिकन नको नको म्हणत मागे होता. शेठ केबिनमध्ये बशीतून चहा पीत होता. मी तो कागदाचा लगदा त्याच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे काय काम आहे? तो अजिबात चिडला नाही. रुमालाने टेबल पुसून म्हणाला, "एणे ज ना पाडी'ती." त्यानेच नको म्हटलं होतं.

मी म्हटलं, "शेठ, तो कापायला नको म्हणत होता. काट म्हणजे गंज, हे त्याला ठाऊक नव्हतं. तुम्हाला हे कळलं नाही?"

तेव्हा शेठ हसला. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "खबर तो पडी ज जाय ने, मिस्त्री. पण घराक ना पाडे, तो आपणे शुं?" कळतं तर कळतंच हो, पण गिऱ्हाईकच नको म्हणतं, मग आपल्याला काय?

म्हणजे कळलं होतं! न कळून केलं असतं तर मी दोन शिव्या देऊन परत आलो असतो. पण या माणसाला समोरचा काय समजलाय ते पुरतं कळलं होतं. "अरे बाबा, गाडी नाही कापायची, हा गंज बघ," एवढं बोट दाखवून सांगायला काय लागत होतं? पण गंज काढायचा म्हणजे मेहनत, वेळ, वेल्डिंग. लांबी फासायची म्हणजे दुपारभराचं काम. आणि वर गिऱ्हाइकाचीच परवानगी, तीही हात जोडून दिलेली! पोरांची गाडी आहे हे त्याला माहीत होतं. मागल्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं.

मी तिथे जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. केबिनबाहेर गाडी घासणारा कारागीर आपल्याच शिरपूरकडचा होता. कागद कोंबणारे हात त्याचेच. शेठला कळलं तसं त्यालाही कळलं असणार, त्याची तर भाषाही भिकनचीच. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि पाठ फिरवली. खरं सांगू, शेठपेक्षा त्याचा मला जास्त राग आला. शेठ परका होता, गल्ल्यावर बसला होता. तुला रे काय झालं होतं आपल्या बोलीत दोन शब्द सांगायला?

गाडी शेडमध्ये घेतली. भिकनपाशी आता काही उरलं नव्हतं, होतं ते रंगात गेलेलं. काम थांबवलं तर पोरांचे आईबाप दुसरी गाडी बघणार. म्हणून त्याने ओळखीच्या माणसाची रिक्षा भाड्याने घेतली, तीत पोरांच्या दोन-दोन फेऱ्या करायला लागला. शेडवर मजुरीला माणूस लावणं परवडणार नव्हतं. तेव्हा कमलबाई आली. साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "मिस्तरी भाऊ, काय घासानं शे ते सांगा."

मी म्हटलं, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही, डोळ्यांत गंज जाईल."

"आन टिकल्या लावताना डोळ्यांत काय फुलं पडतात का?"

मी तारेचा ब्रश दिला. दुपारी टिकल्यांचं काम आटोपून ती यायची, गाडीखाली पोतं टाकून आडवी व्हायची आणि घासायची. चमकता पत्रा दिसेपर्यंत घासायचं, काळं दिसलं की अजून गंज आहे, हे मी एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अंगावर, केसांत, पापण्यांवर तांबडा भुगा. कधीकधी हात आत घालून मूठभर भुगा बाहेर काढायची, त्याकडे बघत बसायची आणि म्हणायची, "याच्यावर मनी पोरं बसत होती, भाऊ." तिची स्वतःची दोन्ही त्याच गाडीत जायची.

मी पेट्रोलची टाकी उतरवली, सीट काढली आणि सडलेलं सगळं कापलं. हो, कापलं! शेवटी कापावंच लागलं. भंगारवाल्याकडून ट्रकच्या दाराचा पत्रा आणि चॅसीचा जाड तुकडा आणला. हकिकत ऐकून तो भंगारवाला, पक्का सुरती, शेठला अशा सुरती शिव्या घालायला लागला की माझ्या मी विसरलो. पत्र्याचे त्याने जे पैसे सांगितले ते न घेतल्यासारखेच होते, एवढे कमी. पाट्याची जागा जाड लोखंडाने बांधून काढली, तळ जोडला, पोकळ्यांत ऑइल सोडलं. जिथे कापलं तिथला पांढरा रंग गेला आणि तांबडी ठिगळं उरली. खालीच नव्हे, मागच्या चाकांभोवती, दाराखाली, सगळीकडे.

भिकन गाडी न्यायला आला आणि बघतच राहिला. "भाऊ, जरा पांढरा हात मारला असता."

"रंगाचे पैसे आहेत?"

"नाहीत."

"मग चल, ने."

त्याच सुमारास मी शेडच्या खांबावर एक पाटी टांगली. वर मराठीत, खाली हिंदीत: काट म्हणजे गंज, काट म्हणजे कापणं नव्हे, न कळल्यास विचारा. गुजराती गिऱ्हाइकं पाटी वाचून हसायची. आपले लोक वाचून म्हणायचे, मिस्तरीचं डोकं फिरलं. म्हणू द्या.

पण खरा संताप तर पुढे आहे. गाडी दुसऱ्या दिवशी पोरांच्या थांब्यावर गेली आणि आईबाप भडकले. आपले लोक! ज्या गाडीचा तळ कागदाचा होता तीत यांनी हसतहसत पोरं कोंबली, कारण ती पांढरी होती. आणि आता लोखंडाची झाली तर म्हणे, ही ठिगळाची गाडी? अपघातात ठोकलेली दिसते. आम्ही नाही पाठवत. भिकन रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. मी हातातली हातोडी टाकली आणि त्याच्याबरोबर निघालो.

थांब्यावर बायाबापे जमलेली. मी मागची सीट उचलून रस्त्यावर ठेवली. त्या घोळक्यात एक बाप होता, लूमचा मुकादम, पोट सुटलेलं, सगळ्यात जास्त तोच बोलत होता. मी त्याला म्हटलं, "दादा, चढा आत."

"मी कशाला?"

"चढा तर. आणि मारा उडी."

"उडी?"

"पोरं बसवायची आहेत ना? मग आधी तुम्ही नाचून बघा! फाटला तळ तर गाडी मी इथेच जाळतो."

तो वाकून आत चढला. आधी घाबरत पाय आपटला, मग जोरात, मग त्याला चेवच आला. वरचं छत डोक्याला लागत होतं तरी तो धाडधाड नाचत होता आणि पोरं टाळ्या पिटत होती. गाडी नुसती हलली, कुठे कुरकुर नाही. मग मी माझ्या खिशातला जुन्या तळाचा तुकडा काढला आणि त्याच्या बायकोच्या हातात दिला. तिने तो दाबला, त्याचा चुरा झाला. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि पोराला उचलून आत बसवलं. बाकीच्या बायांनीही बसवली. पण सगळ्यांनी नाही, हेही लिहितो. दोन-तीन घरं चकचकीत गाडीकडे गेली ती गेलीच. ती गाडी कुठे रंगवली होती हे मला ठाऊक होतं, आणि मी ते त्यांना ओरडून सांगितलं. ऐकतो कोण?

भिकनचा धंदा मात्र त्या ठिगळांवर चालला. पुढे हळूहळू रंगही दिला त्याने. पोरं वाढली, फेऱ्या वाढल्या, आणि मग त्याच्या डोक्यात मोठी गाडी घ्यायचं आलं. अँबॅसिडर विकायला काढली. तोवर दरवर्षीच्या पावसाने, खाडीच्या पाण्याने पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या पायाखाली, पुन्हा गंज धरला होता. मी केलेलं काम मागे शाबूत होतं, पण लोखंड आहे, दुसरीकडे सडणारच.

भिकन शेडवर आला. आवाज बारीक करून म्हणाला, "वसंतभाऊ, गिऱ्हाईक आलं शे. आपल्याच साक्रीकडला, नवा माणूस. पुढं जरा लांबी फासून, डांबर मारून द्या ना. दिसायला नको."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मी म्हटलं, "काय म्हणालास?"

"सगळेच करतात भाऊ. मला कोणी सांगितलं होतं का?"

मी त्याला शेडबाहेर काढला. हाताला धरून. आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकांवर ओरडलो, पण तेवढा कधी ओरडलो नाही. घसा बसला. तो जाता जाता म्हणाला, "तुम्ही नाही करणार तर दुसरा करील." आणि दुसऱ्याकडून करून घेतलं त्याने. पाटियावरच. मी मग रात्रंदिवस तेच घोकत होतो, की या माणसाच्या गाडीखाली मी आडवा पडलो, ते कुणासाठी?

सौद्याच्या दिवशी काय झालं ते मला त्या साक्रीवाल्याकडूनच कळलं. भिकनच्या दारात चहा झाला, बोलणं पटलं, हातावर हात पडायचा तेवढा बाकी होता. कमलबाई कपबशा उचलायला आली. तिने कप खाली ठेवले, गाडीचं पुढलं दार उघडलं, पायाखालचं रबर वर केलं आणि नखाने खरवडलं. डांबर निघालं, खाली लांबी, खाली कागद. तिथेच बोट ठेवून ती त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, आठे देखा. आठे जंग लागेल शे. पर्वत पाटियाना वसंत मिस्तरीकडे जा, तो काढी देई. मंगच पोरं बसाडा." काट नाही, गंज नाही. घरात बोलतात त्या अहिराणीत, जंग. चुकायला जागाच ठेवली नाही.

साक्रीवाल्याने गाडी घेतली, पण भाव पाडून घेतली, आणि तिथून सरळ माझ्या शेडवर आणली. त्याच दिवशी संध्याकाळी भिकन आला. डोळे लाल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला अरेतुरे करून बोलला. "तूच तिचे कान भरले! माझ्या घरात येऊन माझ्याच बायकोला फितवलं. मोठी गाडी गेली ना माझी आता!"

मी त्या गाडीखालीच होतो. बाहेर आलो नाही, आडवा पडूनच म्हणालो, "भिकन, मी तिला एक अक्षर बोललो नाही. पण त्या वेळी तू रिक्षा चालवत होतास आणि ती इथे पडून घासत होती. तुझ्या गाडीखालचा तो भुगा तिच्या तोंडात गेलाय, तुझ्या नाही."

मला गाडीखालून त्याच्या चपला दिसत होत्या. मग चपला वळल्या आणि गेल्या.